फार मोठी चूक

मे महिन्यात आमचा इनक्युबेटर हरतो.
त्याला पस्तीस अंशांवर राहायचं असतं
आणि खोलीतच एकोणचाळीस.
तापवणं जमतं त्याला, निववणं कुणी शिकवलेलं नाही.
मग निखारेबाई कूलर त्याच्याकडे वळवतात
आणि आम्ही घामात बसतो
जंतूंची तब्येत सांभाळत.

शहाण्णव नमुने होते. प्रत्येकाची साक्ष
दोनदा काढायची. एकदा चकतीने, एकदा ब्रॉथमध्ये.
ब्रॉथला बाई रस्सा म्हणतात,
तर्री नसलेला.

चकतीचं काम त्यांचं.
कापसाचा बोळा तीन दिशांनी फिरवायचा,
शेवटी काठाकाठाने एक फेरी,
मग चिमट्याने टिकलीएवढ्या चकत्या ठेवायच्या
आणि घरी जायचं.
सकाळी एखाद्या टिकलीभोवती मोकळं मैदान असतं,
एखादीच्या अंगाला जंतू थेट चिकटलेले.
बाई प्लेट काळ्या कापडावर धरतात, पट्टी लावतात,
"अठरा."
मी लिहितो, अठरा.

माझ्याकडे खळग्यांची ताटली.
औषध दर खळग्याला निम्मं होत जातं,
सोळा, आठ, चार, दोन, एक.
नितळ कुठपर्यंत, एवढंच बघायचं.
तळाशी पांढरं बटण दिसलं
की तिथे कुणीतरी तगलं.
"काहून बाप्पा इतक्या टिपा फुकट घालवून राहिला गजभिये?
माझी प्लेट चार पैशांत बोलते."
बोलते खरी. साठ नमुने झाले तरी
आमच्या रकान्यांत भांडण नव्हतं.

आमच्या शास्त्रात चुकांच्या पायऱ्या आहेत.
औषध लागू पडत असून नाही म्हटलं, तर मोठी चूक.
पडत नसून हो म्हटलं,
तर फार मोठी चूक.
बायकोला सांगितलं तर म्हणाली,
आमच्या पतसंस्थेतपण अस्संच.

एकसष्टावा आयसीयूचा, बेड नऊ. क्लेब्सिएला.
सगळ्या चकत्यांना खेटून उगवलेली, कुणालाही भीक न घालता.
फक्त कोलिस्टिनभोवती एक गोल,
तेरा मिलिमीटर.
बाईंचे खांदे सैल झाले. "लिही. चालते."
माझ्या ताटलीत
दोन गढूळ. चार गढूळ.
आठ गढूळ.
सोळा नितळ.

"तुझी पिपेट हलली असन."
पुन्हा लावलं. पुन्हा आठ गढूळ.
कोलिस्टिनचा रेणू अंगाने दांडगा,
आगरमधून त्याला चालवत नाही,
इतवारीच्या बोळात शिरलेल्या ट्रकसारखा
तो चकतीपाशीच अडकतो.
तेवढ्या जागेत जिंकतो
आणि आपण पट्टी घेऊन त्याचा विजय मोजतो.

फोन वाजला तो बाईंनी उचलला.
पलीकडे कुणी निवासी डॉक्टर, झोप न झालेला,
"सुरू करू ना?"
बाई प्लेट उजेडात धरून होत्या,
गोल अगदी स्वच्छ, कंपासने काढावा तसा.
एकतीस वर्षं ज्याच्यावर सही केली, तो गोल.
"थांबा," म्हणाल्या, "माझं चुकून राहिलं."
मग बराच वेळ पट्टी पुसत बसल्या.

मी खूश झालो होतो, हे लपवत नाही.
अठ्ठ्याहत्तराव्याला ताटली म्हणाली, नितळ.
बाईंनी गोलाच्या आत बोट रोखलं,
"हे तीन काय आहे?"
मोहरीहून बारीक तीन ठिपके,
मोकळ्या मैदानात उभे.
माझ्या रश्श्यात ते आलेच नव्हते,
किंवा आले आणि मी पाहिलं नाही.
शेऱ्याच्या रकान्यात मी "तीन" लिहिलं
आणि पुढे काय लिहायचं ते सुचेना.

आमच्याकडे माणूस येत नाही,
त्याचं चमचाभर रक्त येतं.
अकराव्या दिवशी बेड नऊचा पुन्हा नमुना आला.
नाव दुसरं होतं.
बाईंनी लेबल दोनदा वाचलं.
"सुट्टी झाली असन त्याची."
कूलरचं पाणी संपलं होतं, पंखा नुसता खडखडत होता.
मी हो म्हटलं.